चूलबंद की घरटी एक

धुळे, २५ नोव्हेंबर २०२५

"श्री. नवल, रा. दोन पंगतींत बसतो." हे काय छापून पाठवलंस तू? नवल रिक्षा दारात उभी करून, मोबाईल माझ्या नाकाला लावून विचारतो, "आजी, हे आमचं गाव कधी झालं?" मागं देवचंद उभा राहून हसत होता. तुझा बाप आहे, हसणारच. मला हसता येईना, कारण वाक्य माझंच होतं.

चि. मृणालीस जय भीम. तू बरी असशील. मी बरी नाही, तुझ्यामुळं.

तुझ्या दादाच्या, प्रशीलच्या लग्नाला कुणाकुणाला बोलवायचं ते मी तुला कागदावर लिहून दिलं. दुसरी शिकलेली बाई मी, मान मोडेपर्यंत बसून लिहिलं. तूच म्हणाली होतीस, "आजी, एक गोष्ट लिहून झाली की शेपटीवालं टिंब दे, पुढची झाली की पुन्हा दे, बाकी माझा प्रोग्रॅम बघून घेईल." मी दिली टिंबं. इतकी दिली की रिफिल संपली. नावापुढं माणूस कसा आहे तेही लिहिलं, कारण या गल्लीत भटू तीन आहेत. नुसतं भटू लिहिलं असतं तर तू कोणत्या भटूला बोलावलं असतंस?

आता ऐक काय झालं ते. मंजुळाबाईला गेलं, "रा. येईल आणि नावं ठेवील." ती आली नाही. सुनेला पाठवलं, एवढं सांगायला की सासूबाई येतील आणि नावं ठेवतील. सोहनलालशेठला गेलं, "रा. वांगं खात नाही." तो मात्र खूश. दुकानात येईल त्या गिऱ्हाइकाला दाखवतो आणि बायकोला, राजकुंवरबाईला म्हणतो, बघ, ज्या घरात वांग्याशिवाय पंगत उठत नाही तिथं माझी केवढी काळजी.

हेही मी गिळलं असतं. पण खालची ओळ? "आपणांस चूलबंद आमंत्रण आहे." ज्याला त्याला चूलबंद! जळगावला राहून विसरलीस का? चूलबंद म्हणजे त्या दिवशी त्या घरची चूल पेटवायची नाही. पोरंबाळं, म्हातारी, आलागेला पाहुणा, बठ्ठे आपल्या मांडवात जेवायला. ते मी जवळच्या घरांना लिहिलं होतं. बाकीच्यांना घरटी एक, म्हणजे त्या घरातलं एकच माणूस. नवलला घरटी एक होतं, कारण तो एकटाच एका घराचं जेवतो. आता त्याची बायको, मेहुणी आणि मेहुणीची सासू येणार आहेत. तोताराम आचाऱ्याला हे सांगितलं तर त्यानं आधी खुर्ची मागितली, मग पाणी.

फोन करू नकोस. फोन आला की देवचंद स्पीकर लावतो आणि गल्ली ऐकते. भटूचा मिरचीचा टेम्पो भुसावळला जातो, जाताना मेहरूणला तुझ्या खोलीवर हे पत्र टाकेल. हा टेम्पोवाला भटू, बाकीचे दोन नव्हेत. उत्तर त्याच्याच हाती दे.

आणि भुसावळकडं यशीला काय गेलं ते आधी कळव. मला काही फरक पडत नाही. नुसतं कळव.

द्रौपदाबाई

---

मेहरूण, जळगाव, २७ नोव्हेंबर

प्रिय आजी,

सप्रेम जय भीम. तुझं पत्र उघडलं आणि शिंकांनी उत्तर द्यायला सुरुवात झाली. खोलीतल्या दोघी मैत्रिणीही शिंकताहेत. भटूमामांना सांग, पत्र पोत्यावर ठेवू नका.

चूक माझी आहे. कशी झाली ते सांगते, पण हे दादाला सांगू नकोस, तो लग्नाच्या स्टेजवर बोलून दाखवेल.

तुझ्या कागदाचा मी फोटो काढला आणि मोबाईलनं त्याची अक्षरं करून दिली. अक्षरांच्या अशा ओळीला आम्ही स्ट्रिंग म्हणतो. मण्यांची माळ असते तशी ही अक्षरांची माळ. माझा प्रोग्रॅम ही माळ स्वल्पविराम, म्हणजे तुझं शेपटीवालं टिंब, दिसेल तिथं कापतो. याला स्प्लिट करणं म्हणतात. मी त्याला बजावलं होतं: पहिला तुकडा नाव, दुसरा गाव, तिसरा आमंत्रण, शेवटचा फोन नंबर. (खरं तर तो मोजायला शून्यापासून लागतो, पहिल्या तुकड्याला शून्य म्हणतो. पण ते सोड.)

तू नावानंतर आधी माणसाचा स्वभाव लिहिलास, मग गाव, मग आमंत्रण. माझ्या प्रोग्रॅमला स्वभाव काय आणि गाव काय, दुसरा तुकडा दिसला की पुढं "रा." लावायचं. म्हणून नवलकाका दोन पंगतींत राहायला गेले.

चूलबंदचं मात्र सरळ माझ्याच डोक्यातून आलं. तिसऱ्या तुकड्यात "चूलबंद" किंवा "घरटी एक" यांतलं काही सापडलं नाही तर चूलबंद धर, असं मी लिहून ठेवलं होतं. म्हटलं, चुकलंच तर कुणाचा अपमान तरी नको. आणि तिसऱ्या तुकड्यात तर गावं येऊन बसली होती! कागदावर सगळ्यात वर दादाच्या ऑफिसातली माणसं होती. त्यांच्याबद्दल तुला बोलण्यासारखं काही ठाऊक नव्हतं, म्हणून त्या ओळी सरळ निघाल्या. मी तेवढ्याच तपासल्या.

फोन नंबर बाबांनी प्रत्येक ओळीच्या शेवटी घातले होते आणि ते मी शेवटूनच घेतले. तेवढं एक काम बिनचूक झालं. प्रत्येक निरोप ज्याच्याबद्दल होता त्यालाच पोचला. सगळ्यात जास्त नुकसान त्यानंच केलं.

आता तुझ्या बहिणीचं, यशोदा आजींचं. तू लिहिलं होतंस: "यशोदाबाई, सख्खी आहे म्हणून, नाहीतर तोंड बघितलं नसतं, दीपनगर, घरटी एक." प्रोग्रॅमनं पहिला तुकडा घेतला, दुसरा घेतला, तिसऱ्यात आमंत्रण सापडलं नाही म्हणून तो टाकून दिला. त्यांना गेलं ते असं: "श्रीमती यशोदाबाई, रा. सख्खी आहे म्हणून, आपणांस चूलबंद आमंत्रण आहे."

आजी, कापल्यामुळं ते केवढं गोड झालं!

त्यांच्या सुनेच्या मोबाईलवरून लगेच उत्तर आलं, त्यांनीच सांगून लिहवलेलं: "बठ्ठा येतस." सगळं घर येतंय, आजी.

मी प्रोग्रॅम दुरुस्त करतेय. ज्यांना घरटी एक होतं त्यांना दुरुस्तीचा निरोप पाठवू का? आणि यशोदा आजींना? तू म्हणशील तसं.

तुझी
मृणाली

---

धुळे, २८ नोव्हेंबर

पहिल्या तुकड्याला शून्य म्हणणारं यंत्र आणि त्याच्या हाती तू माझ्या नातवाचं लग्न दिलंस. म्हणजे पहिल्या पंगतीला बसलेला माणूस त्याच्या हिशेबी जेवलाच नाही. हे नवलला सांगू नकोस, तो तिसऱ्या पंगतीलाही बसेल.

मृणालीस जय भीम.

मी जन्मभर वांगी चिरली. सुरी घालण्याआधी फिरवून बघते, कीड कुठून शिरली आहे. तुझं यंत्र टिंब दिसलं की चिरतं आणि आतलं काय ते फेकून देतं. आणि तू त्याला नवऱ्यासारखं सांभाळतेस, "तो कापतो, तो मोजतो." नवरा शोधताना तरी बघून घे.

दुरुस्ती पाठव. मी घरटी एक लिहिलं त्या सगळ्यांना पाठव. शब्द फिरवणारी बाई नाही मी.

यशीचं तुला माहीत नाही म्हणून सांगते. तिच्या संघपालचं लग्न झालं तेव्हा तू शाळेत होतीस. मला, सख्ख्या मोठ्या बहिणीला, आमंत्रण काय आलं? घरटी एक! आम्ही दोघी एका ताटात जेवून मोठ्या झालो आणि मला घरटी एक. मी देवचंदला पाठवलं आणि घरी खिचडी खाल्ली. तीही खारट झाली. आणि कारण काय? तर त्याआधी तिच्या घरच्या जेवणात मी म्हणाले होते की बट्टी आतून कच्ची आहे. कच्ची होती. नुसता कणकेचा गोळा, वरणात बुडवला तरी फुटेना. खऱ्याला खरं म्हटलं तर एवढं काय लागायचं?

तेव्हापासून ती तिकडं, मी इकडं. आमच्या आईच्या पोटची आता आम्ही दोघीच उरलो. उरलो तर उरलो.

आता तिचा गुडघा गेलाय, एकटी एसटीत चढू शकत नाही. घरटी एक म्हटलं की संघपाल येणार आणि ती दीपनगरला खिचडी खाणार. ते समजूनच लिहिलं होतं. आता ते "सख्खी आहे म्हणून" तेवढंच गेलं का? पुढचं नाही ना गेलं? नक्की?

द्रौपदाबाई

---

धुळे, २९ नोव्हेंबर

कालच्या पत्रात "सगळ्यांना" लिहिलंय, त्यातून भुसावळ काढ. यशीला दुरुस्ती धाडू नकोस.

कारण सांगते. ती "बठ्ठा येतस" म्हणाली, तोतारामनं तेवढ्या बट्ट्या धरल्या. आता पुन्हा कमी करायला सांगितलं तर तो काम सोडून जाईल. दुसरं काही कारण नाही. विचारू नकोस.

मांडवातल्या प्लास्टिकच्या खुर्च्या बुटक्या असतात, त्यांतून गुडघा उचलत नाही. घरातली लाकडी खुर्ची देवचंदला धुऊन ठेवायला सांगितली आहे. मंजुळाबाईसाठी.

द्रौपदाबाई

---

मेहरूण, ३ डिसेंबर

प्रिय आजी,

जय भीम. हे पत्र उभं राहून वाचू नकोस.

तुझं २८ तारखेचं पत्र त्याच दिवशी मिळालं. २९ तारखेचं आत्ता मिळालं. भटूमामा म्हणतात, टेम्पो मध्येच चोपड्याला वरातीच्या भाड्यावर गेला होता आणि तुझं पत्र सीटखाली नवरदेवाच्या बुटांबरोबर फिरत होतं. ते मिळेपर्यंत मी दुरुस्ती पाठवून दिली होती. सगळ्यांना. तू लिहिलं होतंस तसं.

आता माझा प्रोग्रॅम तुकडे मोजत बसत नाही. ओळीत "चूलबंद" आहे की "घरटी एक" ते आधी शोधतो आणि नसेल तर मनानं काही न ठरवता मला विचारतो. शिवाय या वेळी पाठवण्याआधी प्रत्येक ओळ मी स्वतः वाचली. एकसुद्धा चूक झाली नाही. तोच घोटाळा झाला.

यशोदा आजींना गेलं: "आधीच्या निरोपात चूक झाली होती. आपणांस चूलबंद नसून घरटी एक आमंत्रण आहे."

बाकीच्यांचं फारसं बिघडलं नाही. नवलकाकांनी विचारलं, "एकच माणूस असलं तरी पंगती दोनच ना?" मंजुळाबाईंचं आलं, "नावं ठेवायला मी एकटी पुरे आहे." सोहनलालशेठ म्हणाले, आम्ही तर एकटेच येणार होतो, राजकुंवर लग्नात जेवत नाही, पण ते वांग्याचं तेवढं लक्षात असू द्या.

दीपनगरहून मात्र काहीच नाही. निरोप वाचल्याची खूण तेवढी आली. मी घाबरून फोन केला. संघपालकाकांनी उचलला. म्हणाले, "आई बोलत नाही. आई लिहितेय." मी विचारलं काय लिहितेय, तर म्हणाले, "ठाऊक नाही, पण पोराच्या वहीची पानं टराटरा फाटताहेत."

मी स्वतः दीपनगरला जाऊन पाया पडू का? की तिसरा निरोप पाठवू? रागव, पण लवकर सांग.

मृणाली

---

दीपनगर, भुसावळ, ४ डिसेंबर

अक्का, एकदा चूलबंद म्हणायचं आणि मग चुकलं म्हणायचं, अशी पद्धत धुळ्यात कधीपासून निघाली?

आधी तुझं चूलबंद आलं. सुनेनं वाचलं, "यशोदाबाई, रा. सख्खी आहे म्हणून." मी तिला पुन्हा वाचायला लावलं. म्हटलं, अक्काचं काही खरं नाही, आजारी दिसते. अशी गोड ती कधीच नव्हती. जाण्याची वेळ आली की माणूस असं बोलतं. मी संघपालला म्हटलं, धुळ्याला चौकशी कर, लपवू नकोस. पांढरं लुगडंही काढून ठेवलं. म्हटलं, आपल्या बौद्धांत लग्न असो की दुसरं काही, दोन्हीकडं चालतं.

मग दुरुस्ती आली. चूलबंद नाही, घरटी एक. तेव्हा कळलं की तू ठणठणीत आहेस. जीव भांड्यात पडला.

संघपालच्या लग्नात तुला घरटी एक दिलं होतं, त्याचा हा वचपा. मला कळत नाही असं समजू नकोस. दिलं होतं, मुद्दाम दिलं होतं. माझ्या व्याह्यांच्या देखत तू माझी बट्टी फोडून ताटाच्या कडेला लावलीस. नुसतं बोलली असतीस तर चाललं असतं. ताटाच्या कडेला लावलीस, वर त्यांना दाखवलीस. पुन्हा दाखवशील तर पुन्हा घरटी एक देईन. अजून नातवांची लग्नं व्हायची आहेत माझ्याकडं.

आता नीट ऐक. घरटी एक म्हणजे घरातलं एक माणूस. ते कोणतं, हे त्या घरानं ठरवायचं असतं, बोलावणाऱ्यानं नाही. आमच्या घरानं ठरवलं. संघपाल म्हणाला, "मी जाऊन येतो." म्हटलं, बस खाली. ती एक मी आहे. तुला वाटलं गुडघ्यामुळं यशी यायची नाही. गुडघा घेऊन येते. भटूशी बोलणं झालंय. मिरचीची दोन पोती उतरवून तो मला पुढच्या सीटवर बसवणार आहे. आणि आल्या आल्या तुझ्या तोतारामची बट्टी फोडून बघणार, तुझ्या व्याह्यांच्या देखत. नवरीच्या, प्रज्ञाच्या आईबापाला पहिल्या रांगेत बसव.

यशोदा

राहिलंच. ते "सख्खी आहे म्हणून" याच्या पुढं काहीतरी असणार. एवढ्यावर गप्प बसणारी बाई तू नाहीस. पुढचं कापलंय कुणीतरी. काय होतं ते लिही.

---

धुळे, ७ डिसेंबर

मिरचीच्या टेम्पोत बसून येणार म्हणे! डोळ्यांतून पाणी काढत, शिंकत मांडवाच्या दारात उतरशील आणि लोक म्हणतील, बघा, आल्या आल्या अक्कानं बहिणीला रडवली. तुला तेच पाहिजे.

यशोदेस जय भीम.

मी आजारी नाही. लुगडं पुन्हा घडी करून ठेव. नाहीतर नेसून ये, लग्नाला पांढरंच लागतं.

बट्टी मी ताटाच्या कडेला लावली, कारण ती गिळत नव्हती. व्याह्यांना दाखवली नाही. त्यांनी बघितली. त्यांचीही फुटत नव्हती, पण त्यांना बोलायची सोय नव्हती, मुलगी द्यायची होती. असो. तू तोतारामची फोडून बघ. फोडायला मी स्वतः तुला वरवंटा देईन, लागणार नाही तो भाग वेगळा.

पुढं काय होतं विचारतेस. "नाहीतर तोंड बघितलं नसतं." हे होतं. माझ्या नातीच्या यंत्रानं कापलं, मी कापलं नव्हतं. लिहिलं तेव्हा खरं होतं. आता तू येणार, तोंड बघावंच लागणार, म्हणजे माझं लिहिणं खोटं पडलं. पडू दे. एवढ्या नावांपुढं लिहिलं, त्यात एक खोटं पडलं तर काय.

दुरुस्ती तुला जायची नव्हती. मी मृणालीला तसं लिहिलं होतं, पण ते पत्र चोपड्याच्या नवरदेवाच्या बुटांत गेलं. विश्वास बसत नसेल तर भटूला विचार. वास अजून आहे. पोरीला मात्र काही बोलू नकोस, तिनं या वेळी डोळे फोडून बिनचूक काम केलं. तेच तर नडलं.

आता हे मी माझ्या हातानं लिहितेय. मध्ये एकसुद्धा टिंब देत नाही, म्हणजे कुणाच्या यंत्राला कापायला जागा मिळायची नाही:

यशोदा दीपनगर सख्खी बहीण चूलबंद

वाचलंस? आता पुन्हा वाच. सुनेला सांगू नकोस वाचायला, तुला येतं.

एकवीस तारखेला लग्न आहे. तू वीसला ये. बट्ट्या तळायला घेतील तेव्हा कढईसमोर बस, म्हणजे नंतर कच्ची म्हणायची सोय राहायची नाही. संघपालला गाडी करायला सांग. सून, नातवंडं, शेजारची कुणी म्हातारी एकटी राहत असेल तर तीसुद्धा, बठ्ठे या. चुलीत राख दिसली तर मी जेवणार नाही. गॅस असेल तर त्याची टाकी बंद कर. लाकडी खुर्ची धुऊन पहिल्या रांगेत ठेवलीय. मंजुळाबाईची आहे, पण ती दुसरीकडं बसेल आणि तिथून नावं ठेवील.

या पत्राचं उत्तर तू द्यायचं. संघपालनं फोन करायचा नाही, सुनेनं मोबाईलवर बोटं चालवायची नाहीत, आणि मृणालीनं तर यात पडायचंच नाही. तुझ्या हातानं, तुझ्या अक्षरात लिही. एकच शब्द लिहिलास तरी चालेल. तेवढा कापता येत नाही.

द्रौपदा